बिनसिनेमाचं गाणं

अंगाने सडपातळ, आवाज खालच्या पट्टीतला, चाल संथ. बोलायला लागण्याआधी ते थोडं थांबायचं, गिटारच्या तारा छेडायचं, बासरीसारखा एक पातळ सूर सोडायचं, आणि मग कुठेच पोचायची घाई नसलेल्या माणसासारखं गायला लागायचं. बासरी म्हटलं खरं, पण ती बासरी नव्हे; रेकॉर्डर नावाची, तोंडाशी शिट्टी असलेली नळी, जी विलायतेतली शाळकरी पोरं वाजवतात. एवढंच सामान घेऊन ‘डूबा डूबा’ १९९८ साली आलं. बँडचं नाव सिल्क रूट, कॅसेटचं नाव ‘बूँदें’, आणि गाव दिल्ली.

दिल्लीला त्या वर्षी उसंत नव्हती. मे महिन्यात पोखरणचे स्फोट झाले. पावसाळ्यानंतर कांदा असा भडकला की नोव्हेंबरच्या निवडणुकीत त्याने दिल्लीचं सरकार घरी बसवलं. वीज तर विद्युत बोर्डाच्या मर्जीवर. उन्हाळ्याच्या रात्री आख्खे ब्लॉक गाद्या घेऊन गच्चीवर. या गदारोळात हे गाणं सांगत होतं की मी प्रेमात आहे, मला जरा असंच पडून राहू द्या. इतका निवांतपणा त्या वर्षाला शोभत नव्हता. बहुधा म्हणूनच लोकांना तो आवडला.

आमच्याकडे आर. के. पुरममध्ये ते पाचव्या वेतन आयोगाच्या पैशांवर आलं. सरकारी वसाहतीत वस्तू ऋतूप्रमाणे येत नाहीत, पगारवाढीप्रमाणे येतात. आयोगाच्या शिफारशी १९९७ मध्ये मान्य झाल्या आणि जानेवारी १९९६ पासून लागू झाल्या, म्हणजे मधल्या काळाचा एरियर. त्या सुमाराला टाईप टू, टाईप थ्री क्वार्टरांच्या अरुंद जिन्यांवरून टीव्हीची आणि म्युझिक सिस्टिमची खोकी चढताना दिसत नाहीत असा दिवस जात नव्हता. आमच्या बाबांच्या एरियरची म्युझिक सिस्टिम झाली. दोन कॅसेट डेक, दोन काळे स्पीकर आणि एक इक्वलायझर. त्याच्या खिट्ट्या वर-खाली केल्याने नक्की काय होतं हे घरात कुणालाच कळलं नाही, पण पाहुणे येणार असले की बाबा त्या सगळ्या एका रांगेत आणून ठेवत. पुढे मे १९९८ मध्ये केंद्र सरकारने निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं. बाबांना दोन वर्षं मिळाली, आम्हाला क्वार्टर. पुण्यात बांधायच्या घराची चर्चा लांबली, आईने नवे पडदे शिवले. ‘डूबा डूबा’ आमच्या घरात नांदलं ते या वाढीव दोन वर्षांत.

आधी ते टीव्हीवर दिसलं. केबलवाल्याने कडुनिंबाच्या फांदीवरून ओढलेल्या वायरीतून चॅनल व्ही यायचं, एमटीव्ही यायचं. पहिलं १९९४ पासून, दुसरं १९९६ मध्ये नव्याने. दुपारी शाळा सुटली, दप्तरं पडली की मोठी माणसं सेवा भवनातून आणि ईस्ट ब्लॉक, वेस्ट ब्लॉकमधून परत येईपर्यंत ही दोन चॅनल आमची. आधीची तीन-चार वर्षं तिथे नवे पाहुणे येत-जात होते: १९९५ साली अलीशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ आणि दलेर मेहंदीचं ‘बोलो ता रा रा’, १९९६ साली लकी अलीचं ‘ओ सनम’. आणि १९९८ मध्ये, ‘डूबा डूबा’च्याच वर्षी, दिल्लीच्याच युफोरिया बँडचं ‘धूम पिचक धूम’. त्याचा गायक पलाश सेन हा डॉक्टर, व्हिडिओ बनारसच्या घाटांवरचा, दिग्दर्शक प्रदीप सरकार, ज्यांनी पुढे ‘परिणीता’ केला. ते गाणं जिन्यावरूनच आरडाओरडा करत घरात शिरायचं आणि मोठ्या माणसांशीही लगेच दोस्ती करायचं. ‘डूबा डूबा’ दाराशी उभं राहायचं. आत या म्हटल्याशिवाय यायचं नाही, आणि आलं की कोपऱ्यातली खुर्ची धरायचं.

खरं तर ते ऐकायला घर गैरसोयीचं होतं. उन्हाळ्यात आमच्या खोलीत कूलर चालायचा. पत्र्याचा, खिडकीला टेकवलेला, दर एप्रिलमध्ये घास बदललेला. त्याची मोटर गुरगुरायची, पंपाचं पाणी जाळ्यांवरून सतत झिरपायचं, आणि त्या आवाजाच्या वर जाईल एवढा दम या गाण्यात नव्हता. ‘धूम पिचक धूम’ कूलरला पुरून उरायचं; हे कूलरमध्ये विरघळून जायचं. आवाज वाढवला की दुपारी झोपलेली आई ओरडायची. मग मी आणि ताई कूलर बंद करायचो, आणि त्या चार-पाच मिनिटांत घामाने थबथबून ते ऐकायचो. दिल्लीच्या जूनमध्ये एखाद्या गाण्यासाठी कूलर बंद करणं म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. त्याच्यासाठी आम्ही केलेला सर्वात मोठा त्याग तोच. कॅसेट पुढे ताईने पॉकेटमनीतून आणली.

वसाहतीत त्याची पंचाईत झाली ती अंताक्षरीत. झी टीव्हीवर अन्नू कपूरची ‘अंताक्षरी’ १९९३ पासून चालू होती आणि तिने घराघरांतल्या बायकांना नियमांच्या बाबतीत फार कडक करून सोडलं होतं. वीज गेली की गच्चीवर खेळ सुरू. एका बाजूला आम्ही, समोरचे तमिळ अंकल आणि त्यांच्या मुली, दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरचं पंजाबी कुटुंब आणि खालचे कुमाऊँचे जोशीजी. ‘ड’ हे अक्षर सगळ्यांना जड. राज कपूरच्या ‘छलिया’तलं एक गाणं सोडलं तर पटकन काही सुचत नाही, आणि ते तर पहिल्याच फेरीत खर्ची पडलेलं असायचं. ताईने ‘डूबा डूबा’ सुरू केलं. सुरात होती, मधल्या जागाही नीट घेत होती. पंजाबी आंटीजींनी मान हलवत ऐकून घेतलं आणि विचारलं, “पिक्चर कौन सी?”

पिक्चर नव्हतीच. ताई म्हणाली, आल्बम आहे. आंटीजी म्हणाल्या, “बेटा, पिक्चर का नाम बता, नहीं तो पॉइंट नहीं मिलेगा.” तमिळ अंकल, जे एरवी हिंदी गाण्यांच्या वादात पडायचे नाहीत, त्यांनीही आंटीजींची बाजू घेतली, नियम म्हणजे नियम. पॉइंट गेला.

आंटीजींचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. हिंदी गाण्याची ओळख अशीच चालते. कुठल्या सिनेमातलं, पडद्यावर कोण, समोर कोण, बागेत की गाडीत. आमच्या वसाहतीत माणसाची ओळख जशी सेक्टर, टाईप आणि मंत्रालय यांवरून व्हायची, तशीच गाण्याची सिनेमावरून. जे गाणं सिनेमातलं नाही त्याला कुणाच्या खात्यात टाकायचं? मग लोक आपापल्या सोयीने खाती उघडत. अर्धी वसाहत ते लकी अलीचं समजायची. गाणारा कोण हे ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तीसुद्धा सगळी वीस वर्षांच्या आतली.

आमच्या आईला मात्र या गाण्याची काही अडचण पडली नाही. दुपारच्या झोपेचा राग ओसरल्यावर, भाजी निवडता निवडता एकदा तिने ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, “भावगीतच आहे की. नुसतं गिटारवर म्हटलंय.” आईचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. मराठी घरात सिनेमा नसलेलं गाणं ही नवलाई नव्हतीच. गजाननराव वाटवे तबला-पेटीवर भावगीतं गात गावोगाव हिंडले ते कुठल्या सिनेमाच्या जोरावर नव्हे. गीतरामायण १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलं आणि त्याची ५६ गाणी घरोघर पाठ झाली. अरुण दातेंनी तर ‘शुक्रतारा’ या एका गाण्याचं नाव आपल्या कार्यक्रमाला दिलं आणि आयुष्यभर गावोगावच्या नाट्यगृहांत ते लोकांना ऐकवलं. त्यामुळे आईच्या हिशेबात एक माणूस, एक वाद्य, एक कविता, एवढं असलं की गाणं पूर्ण होतं. नायिका लागत नाही. त्याच सुमाराला मामाने पुण्याहून ‘गारवा’ची कॅसेट आणली होती, सौमित्रच्या कविता आणि मिलिंद इंगळेचा आवाज. आमच्या कपाटात ‘बूँदें’ आणि ‘गारवा’ शेजारी शेजारी उभ्या असत. आई दोन्ही लावायची, पण ‘डूबा डूबा’चे शब्द तिने कधीच बरोबर म्हटले नाहीत. चाल अचूक, शब्द स्वतःचे.

आता ते रॉक होतं का? या प्रश्नावर आर. के. पुरमपासून हौज खासपर्यंत बरीच भांडणं झाली आहेत. आमच्या ब्लॉकमधला एक दादा आयआयटीच्या ‘राँदेव्हू’ला रॉक नाइटसाठी जायचा आणि काळ्या टी-शर्टात धुळीने माखून परतायचा. तो ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ वाचायचा. हे मासिक अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादेतून सुरू केलेलं. दादाची श्रद्धा परिक्रमा या बँडवर. परिक्रमाही दिल्लीचाच, जून १९९१ मध्ये सुरू झालेला, इंग्रजीत गाणारा. त्यांचं सर्वांना ठाऊक असलेलं गाणं ‘बट इट रेन्ड’, काश्मीर खोऱ्यातल्या अपहरणांवरचं, घरी वाट बघणाऱ्यांचं. परिक्रमाने आल्बम विकायचा धंदाच केला नाही, गाणी लोकांना फुकट वाटून टाकली. दादाच्या लेखी ते रॉक. ‘डूबा डूबा’ हे त्याच्या मते “मम्मी लोगों का गाना”. वर त्याचं म्हणणं असं की ज्यात ड्रम फुटत नाहीत आणि गिटार किंचाळत नाही ते रॉक कसलं?

मला विचाराल तर दादाचा मुद्दा अर्धाच बरोबर होता. आवाजाच्या मापाने ‘डूबा डूबा’ मवाळ होतं, पण वागणूक रॉकचीच. चार मित्र एकत्र येतात, आपलं आपण रचतात, आपणच वाजवतात, आपणच गातात, आणि संगीत दिग्दर्शक नावाच्या माणसाला विचारत नाहीत. मुंबईच्या स्टुडिओंत त्या काळी हे कुणी खपवून घेतलं नसतं. आणि दादा स्वतः हॉस्टेलच्या मेळाव्यात मुलींसमोर गिटार हातात घ्यायचा तेव्हा ‘बट इट रेन्ड’ वाजवायचा नाही. काय वाजवायचा हे सगळ्या ब्लॉकला माहीत होतं.

गाण्याचे घरचे लोकही पाहण्यासारखे आहेत. गायक मोहित चौहान हिमाचलातल्या नाहनचा, शिक्षण भूगर्भशास्त्राचं. गाणं लिहिलं प्रसून जोशी यांनी, ते अल्मोड्याचे, त्या वेळी दिल्लीत जाहिरातीच्या कंपनीत नोकरीला. दोघेही पहाडी. खालचे जोशीजी हे कळल्यावर इतके खूश झाले की त्यांनी अंताक्षरीतला तो पॉइंट परत मिळावा म्हणून आंटीजींकडे रीतसर अपील केलं. ते फेटाळलं गेलं. पण जोशीजींचा एक मुद्दा माझ्या डोक्यात राहिला. ते म्हणत, हे गाणं चढावर चालणाऱ्या माणसाच्या दमाने चालतं: पावलं बारीक, वेग एकसारखा, मधे बसायचं नाही आणि धावायचंही नाही. दिल्लीत आलेला पहाडी माणूस पहिली काही वर्षं रिंग रोडवरही तसाच चालतो, आणि मुद्रिका बस त्याला सोडून निघून जाते.

कामाला ते फारसं यायचं नाही. लग्नात नाही, कारण त्यावर नाचता येत नाही. लोहडीला नाही, जागरणाला तर नाहीच. सेक्टरच्या दुर्गापूजेत बंगाली काकूंनी एकदा लाउडस्पीकरवर लावून पाहिलं, आणि मंडपातली गर्दी लाइट गेल्यासारखी इकडेतिकडे पाहायला लागली. त्याचं काम वेगळं होतं. बारावीच्या निरोप समारंभात, पाठवायचं धाडस न झालेल्या चिठ्ठ्यांच्या मागे, रात्री बाराच्या पुढे वॉकमनवर. संगम सिनेमाच्या बाहेर तिकिटासाठी उभ्या असलेल्या पोरांमध्ये कुणी तरी ते शिट्टीवर वाजवायचं. गंमत म्हणजे रांग सिनेमाची आणि शिट्टी सिनेमात नसलेल्या गाण्याची. आमच्या ताईचं लग्न ज्याच्याशी झालं त्याला तिने पहिल्या भेटीत हे गाणं आवडतं का एवढंच विचारलं होतं. त्याने “लकी अलीचं ना?” असं विचारलं. तरी लग्न झालं.

जगात अशी गाणी बरीच आहेत. एक गाणं सगळीकडे पोचतं आणि त्याच्या मागून घरचं दुसरं कुणी येत नाही. ‘डूबा डूबा’च्या दोन विलायती भावंडांना आम्ही त्याच चॅनलवर भेटलो होतो. एक ‘व्हॉट्स अप?’, १९९३ सालचं, फोर नॉन ब्लाँड्स या बँडचं. एक आल्बम काढला, एक गाणं जगभर गेलं, आणि १९९४ मध्ये गायिका लिंडा पेरी बँड सोडून बाहेर पडली. दुसरं ‘यू गेट व्हॉट यू गिव्ह’, न्यू रॅडिकल्सचं, अगदी १९९८ चंच. त्याचा कर्ता ग्रेग अलेक्झांडर याला एवढी कीर्ती पेलवेना की नकोशी झाली कोण जाणे, पण दुसऱ्या वर्षी त्याने बँडच मोडला. या दोघांचं पुढे काय झालं हे बघण्यासारखं आहे. लिंडा पेरीने पिंकसाठी ‘गेट द पार्टी स्टार्टेड’ आणि क्रिस्टिना अगिलेरासाठी ‘ब्यूटिफुल’ लिहिलं. अलेक्झांडरने २००२ मध्ये सान्तानासाठी ‘द गेम ऑफ लव्ह’ लिहिलं. म्हणजे माणसं संपली नव्हती. बँडच्या नावावर एकच गाणं राहिलं, माणसांनी बाकीची दुसऱ्यांच्या घरी नेऊन दिली.

सिल्क रूटचं हुबेहूब तसंच झालं. दुसरा आल्बम ‘पहचान’ २००० साली आला. बँड विस्कटला. मोहित चौहान काही वर्षं कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मग २००५ मध्ये ‘मैं, मेरी पत्नी और वो’ या सिनेमात ‘गुंचा’, २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’त ‘खून चला’, २००७ मध्ये ‘जब वी मेट’मधलं ‘तुम से ही’. ‘खून चला’चे शब्द प्रसून जोशींचे, संगीत रहमानचं. २००९ मध्ये ‘दिल्ली-६’ आला, त्यातल्या ‘मसक्कली’तही हेच तिघे, आणि गायकाला फिल्मफेअर. दोन पहाडी पुन्हा दिल्लीवरच गात होते, फक्त आता मुंबईच्या खर्चाने. जोशी पुढे २०१७ मध्ये सेन्सॉर बोर्डाचे अध्यक्ष झाले; ‘डूबा डूबा’ लिहिणारा माणूस इतर लोकांच्या सिनेमांना कात्री लावायच्या खुर्चीत बसला, हे आमच्या कॅसेटला कधी स्वप्नातही सुचलं नसतं.

आणि २०११ मध्ये ‘रॉकस्टार’. नायक दिल्लीच्या पीतमपुऱ्याचा, गिटार घेऊन हिंडणारा, मोठा रॉक गायक होणारा. पडद्यावर रणबीर कपूर, आवाज मोहित चौहान, पुन्हा फिल्मफेअर. दिल्लीच्या खऱ्या बँडांनी वर्षानुवर्षं कॉलेजांच्या मैदानांवर धूळ खाऊन जे मिळवलं नाही ते एका कल्पित पोराने अडीच तासांत मिळवलं, आणि त्याचा गळा मात्र खऱ्याच बँडमधून उसना आणलेला. मला तो सिनेमा आवडतो. पण दर वेळी बघताना वाटतं की हिंदी सिनेमाला रॉक चालतो, रॉक बँड चालत नाही. चार जण मिळून काही करतात यापेक्षा एकट्याचं दुःख त्याला जास्त सोयीचं पडतं.

‘डूबा डूबा’सारख्या गाण्यांना आसरा मिळाला तो जेमतेम सात-आठ वर्षांचा. १९९४ नंतर चॅनल नवी होती, त्यांना दिवसभर काही तरी दाखवायचं होतं, आणि सिनेमावाले अजून दूरदर्शनच्या ‘चित्रहार’च्या सवयीत होते. म्हणून दारं उघडी राहिली. मग निर्मात्यांच्या ध्यानात आलं की प्रदर्शनाआधी गाणी चॅनलवर सारखी दाखवली की तिकिटं खपतात. सिनेमाची गाणी घुसली. २००२ मध्ये ‘काँटा लगा’चा रिमिक्स आला आणि जुन्या सिनेमांच्या गाण्यांनीही नवे कपडे घालून जागा अडवली. २००४ मध्ये ‘इंडियन आयडॉल’ आलं. नव्या गायकांना व्यासपीठ मिळालं, पण गायची ती दुसऱ्याची, सिनेमातलीच गाणी. कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणाऱ्याला कुणी ऊठ म्हटलं नाही. खुर्चीच काढून नेली.

तरी ते टिकलं, आणि का टिकलं याचा मला थोडा अंदाज आहे. सिनेमाच्या गाण्यामागे सिनेमा असतो. तो जुना झाला की गाणंही त्याच्याबरोबर जुनं होतं, नटाच्या पँटीच्या घेरावरून साल ओळखता येतं. याच्यामागे काहीच नव्हतं. व्हिडिओ होता, निळ्या पाण्याचा, पण तो बहुतेकांना नीटसा आठवत नाही. त्यामुळे ज्याने ऐकलं त्याने आपलंच काही तरी त्यात भरलं: आपली गच्ची, आपला जिना, आपलं प्रकरण. कोणाच्याही ओळखीचा रणबीर कपूर आड येत नाही. माझी भाची, १९९८ मध्ये जन्मलीही नव्हती, ती गिटारच्या क्लासमध्ये पहिल्या काही गाण्यांत हे शिकली, कारण कॉर्ड सोपे आहेत. तिला हे तिच्याच पिढीतल्या कुणाचं तरी वाटतं. साल सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

आर. के. पुरमचंही बरंच बदललं. २०१८ मध्ये मेट्रोची मजेंटा लाइन आली, स्टेशन झालं. त्याच वर्षी शेजारच्या सरोजिनी नगर, नौरोजी नगरकडे सरकारी क्वार्टर पाडून टॉवर उभारायच्या कामावरून झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले. मलाई मंदिर आहे तिथेच आहे. आमच्या क्वार्टरमध्ये आमच्यानंतर किती घरं येऊन गेली असतील ते सीपीडब्ल्यूडीच्या इन्क्वायरीलाच माहीत.

मोहित चौहानच्या जलशांत आता हजारो लोक असतात. ‘तुम से ही’ होतं, ‘मसक्कली’ होतं, ‘रॉकस्टार’ची गाणी होतात, आणि मग मागच्या रांगांतून, साधारण पंचेचाळिशीच्या आवाजांत, फर्माईश येते. तो गिटार घेतो. एक कडवं तो गातो, पुढचं लोकच गातात, आईसारखे थोडे थोडे चुकीचे शब्द घालून. पुन्हा म्हणा म्हणतात, तो पुन्हा म्हणतो. ‘पहचान’मधलं काही म्हणा, असं कुणी ओरडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. एका गाण्यावर बँड संपतो असं सगळे म्हणतात, पण दुसरं गाणं मागणारे लोक कुठे होते हे कुणी विचारत नाही. आमच्याकडे ‘पहचान’ची कॅसेट होती. ताईनेच घेतली होती, आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. तिचं लग्न ठरलं तेव्हा आत्तेभाऊ ती ऐकायला म्हणून घेऊन गेला. ‘बूँदें’ त्याने मागितली होती, पण ती ताईने दिली नाही, म्हणून ‘पहचान’वर भागवलं. परत आणायला तो विसरला, आणि आम्हीही कधी मागितली नाही.